माँटगोमेरीच्या चुलीवरची लढाई

मैत्रिणींनो, अमेरिका म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? न्यू जर्सीतल्या लेकीनं पाठवलेले फोटो, मोठाले रस्ते, आणि 'तिकडे काय बाई, सगळ्यांना मोकळीक!' हे आपलं ठरलेलं वाक्य. मोकळीक आहे, नाही असं नाही. पण ती त्या मातीत आपोआप उगवलेली नाही. अलाबामा राज्याच्या राजधानीत, माँटगोमेरी नावाच्या शहरात, ती मिळवताना बायकांनी काय काय केलं ते आज तुम्हाला सांगायचं आहे. भाषणं तर झालीच. पण मी सांगणार आहे ती केक, तळलेली कोंबडी आणि पायपिटीची गोष्ट.

१९५५ साल. शहरातल्या बसमध्ये पुढच्या दहा जागा गोऱ्यांसाठी राखीव. गोरं माणूस एकही नसलं तरी त्या रिकाम्याच जायच्या. मागच्या जागा कृष्णवर्णीयांच्या. मधल्या रांगेत ते बसले असतील आणि एखादा गोरा उभा राहिला, तर अख्ख्या रांगेनं उठायचं. कारण एका रांगेत दोघांनी बसायचं नाही! याहूनही जिव्हारी लागणारी गोष्ट पुढेच आहे. दहा सेंट भाडं पुढच्या दाराशी भरायचं, मग खाली उतरायचं आणि मागच्या दारानं चढायचं. बाई मागच्या दाराशी पोचायच्या आत बस निघून गेली, असं कितीदा तरी व्हायचं. पैसे गेले ते गेलेच. आणि गंमत (गंमत कसली म्हणा) अशी, की बसने जाणाऱ्या दर चार माणसांतली तीन तरी कृष्णवर्णीयच असत.

१ डिसेंबर १९५५ ला रोझा पार्क्स बसमधून उठल्या नाहीत आणि त्यांना अटक झाली, हे आपण शाळेच्या पुस्तकातही वाचलं असेल. दिवसभराच्या शिवणकामाने दमलेली एक गरीब बाई, एवढंच चित्र रंगवतात. पण या बाई नागरी हक्कांच्या संघटनेत १९४३ पासून काम करत होत्या, तिथल्या चिटणीस होत्या. त्यांच्या आधी त्याच वर्षी मार्चमध्ये क्लॉडेट कोल्विन ही पंधरा वर्षांची शाळकरी मुलगीही अशीच जागेवर बसून राहिली होती आणि तिलाही पोलिसांनी धरून नेलं होतं. तिचं नाव फारसं कुणी घेत नाही.

अटकेची बातमी कळली त्या रात्री जो ॲन रॉबिन्सन नावाच्या कॉलेजातल्या प्राध्यापिकेनं काय करावं? दोन विद्यार्थी आणि एक सहकारी सोबत घेतले, कॉलेजच्या सायक्लोस्टाईल यंत्रावर रातोरात हजारो पत्रकं काढली. सोमवारी बसमध्ये कुणी बसायचं नाही! सकाळी आठला त्यांचा तास होता, तो त्यांनी नेहमीसारखा घेतला आणि मग पत्रकं वाटायला बाहेर पडल्या.

एका दिवसाचा बहिष्कार ठरला होता, तो ३८१ दिवस चालला. पुढारी झाले मार्टिन ल्यूथर किंग, वय वर्षं सव्वीस. पण चालायचं कुणी होतं? शहरात नोकरी करणाऱ्या कृष्णवर्णीय बायकांपैकी निम्म्याहून अधिक गोऱ्यांच्या घरी धुणं, स्वयंपाक, मुलं सांभाळणं अशी कामं करीत. त्या चालल्या. पाऊस असो, थंडी असो. सुमारे तीनशे गाड्यांची सोय समितीने उभी केली. ठरलेल्या थांब्यावरून गाडी माणसं घ्यायची, सोडायची. स्थानिक कंपन्यांनी गाड्यांचा विमा रद्द केला, तेव्हा अटलांटातल्या एका एजंटाच्या खटपटीने लंडनच्या लॉइड्सचा विमा मिळवला. आता गाड्या म्हणजे पेट्रोल आलं, टायर आले, दुरुस्ती आली. पैसा कुठून आणायचा?

इथे येतात जॉर्जिया गिलमोर. १९२० चा जन्म, अंगाने थोराड, जिभेने फटकळ, पदरात मुलं. एका खाणावळीत स्वयंपाक करायच्या, अडल्यानडल्याला सुईणीचं कामही करायच्या. ऑक्टोबर १९५५ मध्ये त्यांनीही पुढच्या दाराशी पैसे भरले होते, ड्रायव्हरने मागच्या दाराने चढायला सांगितलं, आणि त्या उतरताच बस हाणली होती. तेव्हापासून बसचं नावच टाकलं. बहिष्काराच्या सभा सुरू झाल्या तशा जॉर्जियाबाईंनी मैत्रिणी गोळा केल्या, आपसात चौदा डॉलर जमवले, कोंबड्या, पाव आणि सॅलडची पानं आणली, आणि सभेला आलेल्यांना सँडविच करून विकली. मग ते वाढतच गेलं. मासे, भाज्या, पाउंड केक, रताळ्याचा पाय.

(पाउंड केकचं माप तुम्हाला हवंच असणार. नावातच आहे ते: लोणी, साखर, मैदा आणि अंडी, प्रत्येकी एक पाउंड, म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम. आणि रताळ्याचा पाय म्हणजे मैद्याच्या कुरकुरीत वाटीत रताळ्याचं पुरण घालून भाजलेला प्रकार. आपण उपवासाला किसतो तेच रताळं.)

हा माल घरोघरी, लॉन्ड्रीत, केस सेट करायच्या दुकानांत विकला जायचा. घेणाऱ्यांत गोरेही असत. काही जण पैसा कुठे जातो ते जाणून घेत, काही अजाणता घेत. बायकांनी आपल्या मंडळाचं नाव काय ठेवलं होतं माहीत आहे? 'क्लब फ्रॉम नोव्हेअर', म्हणजे 'कुठलंच-नाही मंडळ'! करणाऱ्या बऱ्याचजणी गोऱ्यांच्या घरी कामाला. मालकिणीला कळलं तर दुसऱ्या दिवशी काम गेलं. म्हणून कुणी काय रांधलं आणि कुणी किती दिलं, ते फक्त जॉर्जियाबाईंना ठाऊक. पैसे कुठून आले असं कुणी विचारलं तर उत्तर तयार: कुठूनच नाही. आणि सभेत जॉर्जियाबाई उभ्या राहून त्या आठवड्याची रक्कम सांगायच्या तेव्हा सगळे टाळ्या नि पाय वाजवायचे. हे पाहून शहराच्या दुसऱ्या बाजूच्या बायकांनी 'फ्रेंडली क्लब' काढला. या आठवड्यात आमची रक्कम जास्त की तुमची, अशी चढाओढ लागली! बायकांची चढाओढ अशी कामी आलेली मला तरी फार आवडली.

मार्च १९५६ मध्ये किंग यांच्यावर खटला भरला, तेव्हा जॉर्जियाबाईंनी कोर्टात उभं राहून बसचा अनुभव सांगितला. खाणावळीतली नोकरी गेली. किंग यांनी सुचवलं, तुमच्या हाताला एवढी चव आहे तर घरीच खाणावळ का काढत नाही? सामानासाठी थोडी मदतही केली. त्या घरातल्या टेबलाभोवती पुढे गोरे नि काळे एका पंगतीला बसू लागले, ज्या शहरात ते रिवाजाबाहेरचं होतं.

आता गोऱ्या गृहिणींचं बघा. कामवाली चालत येते म्हणजे उशीर होतो, दमून येते. मग कित्येकजणी स्वतः मोटार काढून तिला आणायला जाऊ लागल्या. महापौर गेल यांनी जाहीर सांगितलं, की बायांना गाडीतून आणणं थांबवा, त्याने बहिष्काराला बळ मिळतं. त्यावर बायकांचं म्हणणं असं, की मग महापौरांनी येऊन आमचे कपडे धुवावेत आणि पोरं सांभाळावीत! इकडे मालकिणीने विचारलं तर कामवाली भोळा चेहरा करून सांगायची, 'नाही हो बाईसाहेब, आम्ही त्या भानगडीत नाही.' आणि संध्याकाळी सभेला हजर.

ही लिफ्ट म्हणजे दया की सोय? मला विचाराल तर बहुतेकींची सोयच. कामवाली 'आमच्या घरचीच' असायची, पण तिच्या बसमधल्या जागेचा प्रश्न आला की तोंडाला कुलूप. आपण फार हसायला नको. कामवालीचा कप वेगळा ठेवून वर 'ती काय, घरचीच आहे' म्हणणाऱ्या आपल्याकडेही कमी नाहीत.

ज्युलिएट मॉर्गन मात्र वेगळ्या. जन्म १९१४, चांगल्या घरातल्या, गोऱ्या, सार्वजनिक ग्रंथालयात काम करायच्या. मनाच्या घाबरेपणामुळे मोटार चालवणं जमत नसे, म्हणून बसने जात. ड्रायव्हर कृष्णवर्णीय बायकांशी कसा वागतो ते रोज दिसायचं. एकदा पैसे घेऊन बाईला खाली सोडून बस निघाली, तेव्हा या घाबऱ्या बाईने साखळी ओढली आणि त्या बाईला आत घ्यायला लावलं. बहिष्कार सुरू झाल्यावर आठवड्याभरात, १२ डिसेंबर १९५५ ला, स्थानिक वर्तमानपत्रात त्यांचं पत्र आलं. त्यात या चालणाऱ्या माणसांची तुलना गांधीजींच्या दांडीयात्रेशी केली होती! किंग यांनी पुढे आपल्या पुस्तकात त्यांची आठवण केली आहे. (१९५९ मध्ये किंग भारतात आले तेव्हा मुंबईत मणिभवनात राहिले होते, हे अनेकींना ठाऊक असेल.)

पण या एका पत्राची किंमत किती पडावी? धमक्यांचे फोन, रस्त्यात शिवीगाळ. ग्रंथालयाची कार्डं लोकांनी फाडली. त्यांना काढून टाका असा महापौरांनी तगादा लावला. ग्रंथालयाने मानलं नाही, एवढं बरं. जवळची माणसं दूर झाली. जुलै १९५७ मध्ये घरासमोर पेटता क्रूस रोवला गेला, आणि लगेचच त्यांनी आपलं आयुष्य संपवलं. वय बेचाळीस-त्रेचाळीस. त्या शहराच्या मुख्य ग्रंथालयाला २००५ मध्ये त्यांचं नाव दिलं. मला हे वाचून बरं वाटलं आणि रागही आला.

बसचा निकाल लागला तो सर्वोच्च न्यायालयात, नोव्हेंबर १९५६ मध्ये. २१ डिसेंबरला लोक पुन्हा बसमध्ये चढले, हवे तिथे बसले. लगेच सगळं गोड झालं असं समजू नका. आठवड्याभरात बसवर गोळ्या झाडल्या गेल्या, एक गरोदर बाई पायाला गोळी लागून जखमी झाली. जानेवारीत चर्चमध्ये बॉम्ब फुटले. रोझा पार्क्सची नोकरी गेलीच होती. १९५७ मध्ये त्यांनी गाव सोडलं, डेट्रॉइटला गेल्या.

यात आपला काय संबंध, असं म्हणाल. १९६५ पर्यंत भारतातून अमेरिकेत कायमचं राहायला जाणाऱ्यांची मर्यादा होती वर्षाला अवघी शंभर माणसं. त्या साली कृष्णवर्णीयांच्या मतदानाच्या हक्काचा कायदा झाला, आणि त्याच वाऱ्यात देश पाहून माणूस घ्यायचा की नाही हे ठरवणारा जुना स्थलांतराचा कायदाही बदलला. आपल्या लेकीसुना, जावई तिकडे गेले ते त्या उघडलेल्या दारातून. ते दार ढकलणाऱ्यांत माँटगोमेरीच्या मोलकरणीही होत्या. तिकडे आज पुन्हा माणसांचे तट पडलेत. निवडणुकीच्या वर्षी थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला कुठल्या विषयावर बोलायचं नाही ते आधी ठरवावं लागतं, असं मुली फोनवर सांगतात. त्यांना जॉर्जियाबाईंची गोष्ट ठाऊक आहे का, विचारून बघा.

जॉर्जियाबाई शेवटपर्यंत रांधत होत्या. मार्च १९९० मध्ये, सेल्मा ते माँटगोमेरी या १९६५ च्या मोर्चाला पंचवीस वर्षं झाली म्हणून लोक पुन्हा चालत येणार होते. त्यांच्यासाठी कोंबडी आणि चीज घातलेली मॅकरोनी करायला घेतली असतानाच त्या आजारी पडल्या आणि गेल्या. घरच्यांनी ते अन्न टाकलं नाही. भेटायला आलेल्यांना तेच वाढलं.