टू-स्ट्रोक आयडलला का थांबत नाही?

लेखमाला : ओळख यंत्रांची – लेखांक ६

मागच्या आठवड्यात आपण टू-स्ट्रोक इंजिनाची बांधणी पाहिली. यात व्हॉल्व नाहीत, कॅमशाफ्ट नाही. खालीवर होणारा पिस्टनच बोअरमधली पोर्ट उघडतो आणि झाकतो, आणि क्रँकच्या दर फेऱ्याला एक स्फोट होतो. आज या इंजिनाच्या सर्वांत जुन्या दुखण्याकडे वळू. चांदसैली घाट जोमाने चढून धडगावात आलेली जुनी आरएक्स १०० चौकात उभी केली की धडधडते, ठोके गाळते, धूर सोडते आणि बंद पडते. शेतातला फवारणी पंप किंवा गवत कापायचं मशीन यांचंही तेच. मग मिस्त्री आयडलचा स्क्रू पिळून रेस वाढवून देतो. गाडी बंद पडायची थांबते, दुखणं मात्र तसंच राहतं, आणि पेट्रोल जास्त जळू लागतं. हे दुखणं मुळात कशामुळे आहे हे कळलं, तर त्यातलं निम्मं घरच्या घरी बरं करता येतं.

सिलिंडरमध्ये काय घडतं

फोर-स्ट्रोक इंजिनात जळालेला वायू बाहेर ढकलायला पिस्टनचा एक अख्खा स्ट्रोक राखून ठेवलेला असतो. टू-स्ट्रोकला तेवढी सवड नाही. क्रँककेसमधून वर येणारं ताजं मिश्रणच जुना धूर ढकलून बाहेर काढतं. थ्रॉटल पूर्ण उघडा असताना ताजं मिश्रण भरपूर येतं आणि सिलिंडर बऱ्यापैकी धुतला जातो. आयडलला मात्र थ्रॉटल जवळजवळ मिटलेला असतो. आत येणारं मिश्रण इतकं थोडं असतं की सिलिंडरचा मोठा भाग आधीच्या स्फोटाच्या धुरानेच भरलेला राहतो. कुडाच्या घरात धूर कोंडला की चूल नीट पेटत नाही, तशीच ही गत.

प्लगची ठिणगी पडते, पण तिच्याजवळ पेट घेण्याजोगं मिश्रणच नसतं. तो फेरा फुकट जातो. पुढच्या फेऱ्याला आणखी थोडं ताजं मिश्रण येतं, त्याच्या पुढच्याला आणखी थोडं. असे दोन-चार फेरे गेल्यावर मिश्रण पेटण्याइतकं जमतं आणि एकदम जोराचा ठोका बसतो. आपण ज्याला ‘मिसिंग’ म्हणतो तो अडखळता आवाज इथून येतो. फुकट गेलेल्या फेऱ्यांतलं पेट्रोल आणि त्यातलं ऑइल न जळता सायलेन्सरमध्ये जातं. आयडलला येणारा निळसर धूर आणि कच्च्या पेट्रोलचा वास त्याचाच. हे ऑइल सायलेन्सरमध्ये काजळी धरतं, धुराची वाट अरुंद होते, आणि आतला धूर आणखीच कोंडतो. दुखणं स्वतःलाच पोसतं ते असं.

अभियंत्यांनी काढलेल्या वाटा

पहिली वाट रीड व्हॉल्वची. कमी वेगात क्रँककेसमध्ये ओढलेलं मिश्रण उलट फिरून कार्बोरेटरकडे परत येतं. वाटेत पातळ पाकळ्यांचा एकमार्गी पडदा बसवला की ते परत फिरत नाही. भारतात १९८५ साली आलेल्या आरएक्स १०० मध्ये असा रीड व्हॉल्व आहे. खालच्या रेसलाही ती गाडी दम धरते, त्याला हा पडदा बराच कारणीभूत आहे.

दुसरी वाट जपानमधली, आणि विचार म्हणून फार मोलाची. कोंडलेला धूर तापलेला असतो. मग हकालपट्टी करण्याऐवजी त्याची उष्णता वापरली तर? शिगेरू ओनिशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ साली दाखवून दिलं, की योग्य परिस्थितीत हा गरम वायू ताज्या मिश्रणाला ठिणगीशिवाय, एकाच वेळी सगळीकडून पेट देऊ शकतो आणि मग ठोके चुकत नाहीत. होंडाने हेच तत्त्व धरून एक्झॉस्ट पोर्टवर हलती झडप बसवली. हलक्या भाराला ती पोर्ट अरुंद करते, आतला दाब राखते आणि मिश्रण आपोआप पेटायची वेळ साधते. या इंजिनाची प्रायोगिक मोटारसायकल १९९५ च्या ग्रॅनडा-डाकार शर्यतीत एकंदर पाचवी आली. १९९७ मध्ये हे तंत्र सीआरएम २५० एआर या गाडीतून बाजारात आलं.

तिसरी वाट आपल्या महाराष्ट्रातून गेली. आकुर्डीच्या बजाज ऑटोने २००७ साली ऑस्ट्रेलियातल्या ऑर्बिटल कंपनीचं तंत्र वापरून थेट इंधन फवारणारी टू-स्ट्रोक ऑटोरिक्षा आणली. यात सिलिंडर धुवायला फक्त हवा येते. पेट्रोल एक्झॉस्ट पोर्ट मिटण्याच्या सुमारास, दाबाच्या हवेबरोबर थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं. आयडलला त्याचा छोटासा ढग नेमका प्लगपाशी राहतो. बाकीचा सिलिंडर धुराने भरलेला असला तरी बिघडत नाही, कारण ठिणगीला हवं तेवढं मिश्रण तिच्या शेजारीच असतं. रिक्षाचा निम्माअधिक दिवस थांब्यावर आणि गर्दीत सरकण्यात जातो, त्यामुळे हा उपाय तिला साजेसा होता. पण छोटा कॉम्प्रेसर, इंजेक्टर, इलेक्ट्रॉनिक मेंदू असा खर्च वाढला, आणि तोवर फोर-स्ट्रोक व सीएनजीने बाजार घेतला होता. २०२० च्या बीएस-६ निकषांनंतर शोरूममधल्या नव्या दुचाकींत टू-स्ट्रोक उरलं नाही. आपल्या हाती राहिली ती कार्बोरेटरवाली जुनी वाहनं आणि शेतीची यंत्रं. त्यांची नीट निगा राखणं हाच आता उपाय.

डोंगराची हवा, घाटाचा उतार

धडगावच्या डोंगराळ अक्राणी तालुक्यात आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. शहाद्याला सेट केलेली गाडी तोरणमाळला, म्हणजे सुमारे ११५० मीटर उंचीवर नेली, की हवा जवळपास एक दशांशाने विरळ होते. कार्बोरेटर पेट्रोल त्या प्रमाणात कमी करत नाही. मिश्रण दाट होतं, आणि आधीच धुराने कोंडलेलं आयडल अधिकच गुदमरतं. एअर फिल्टर तेलकट असेल तर मग बोलायलाच नको. वरच्या पाड्यांवर कायम चालणाऱ्या गाडीचं आयडल वरच्याच हवेत सेट करावं.

दुसरी गोष्ट उताराची. टू-स्ट्रोकच्या क्रँकला आणि पिस्टनला मिळणारं ऑइल पेट्रोलबरोबरच येतं. घाट उतरताना थ्रॉटल पूर्ण सोडून गिअरमध्ये गाडी पळवली, तर इंजिन वेगात फिरतं आणि ऑइल जवळजवळ येतच नाही. पिस्टन जाम होण्याचं हे एक मोठं कारण आहे. ऑइलचा वेगळा पंप असलेल्या गाड्यांतही बहुधा तो थ्रॉटलला जोडलेला असतो, म्हणून त्यांनाही हे लागू. लांब उतारावर अधूनमधून क्लच दाबून थोडी रेस द्यावी. पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून उतरणं तर जिवावर बेतू शकतं.

हात कुठून घालावा

आयडलच्या स्क्रूला हात सर्वांत शेवटी लावायचा. आधी गळती पाहा. टू-स्ट्रोकची क्रँककेस हवाबंद असावीच लागते. मॅग्नेटोच्या बाजूचं ऑइल सील गेलं, किंवा कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधला रबरी जोड तडकला, की बाहेरची हवा आत शिरते. त्याची खूण ठळक आहे: थ्रॉटल सोडला तरी रेस पटकन खाली येत नाही, आणि आयडल कधी चढतं, कधी पडतं. क्लचच्या बाजूचं सील गेलं तर इंजिन गिअर ऑइल ओढतं. मग धूर दाट होतो आणि गिअर ऑइल न गळता कमी होतं. सील बदलल्याशिवाय कितीही ट्यूनिंग केलं तरी ते टिकत नाही.

त्यानंतर सायलेन्सरची काजळी, एअर फिल्टर, प्लगचं अंतर, पॉइंटच्या गाडीत पॉइंटचं टायमिंग आणि आयडलला पेट्रोल पुरवणारं स्लो जेट. स्लो जेटचं भोक केसाइतकं बारीक असतं. ते हवेच्या दाबाने फुंकून साफ करावं, तार घालू नये. तारेने भोक मोठं झालं की जेट कायमचं बिघडतं.

हे सगळं झालं की ट्यूनिंग. इंजिन चांगलं तापू द्या. मिश्रणाचा स्क्रू कुठे आहे ते पाहा. फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा, बाहेर काढला की मिश्रण पातळ होतं. इंजिनाच्या बाजूला असेल तर तो मिश्रणाचा, बाहेर काढला की दाट होतं. तो हलक्या हाताने पूर्ण बसवून सुमारे दीड फेरा सोडा आणि तिथून थोडा थोडा फिरवत रेस सर्वांत जास्त कुठे चढते ते शोधा. मग आयडलचा स्क्रू सोडून रेस खाली आणा आणि हेच एकदा पुन्हा करा.

इंधनाचंही पाहायला हवं. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल येतं. ते हवेतली ओल शोषतं आणि जुन्या रबरी भागांना मानवत नाही. पावसाळ्यात फवारणी पंपाच्या टाकीत ऑइल मिसळलेलं पेट्रोल महिनोन्‌महिने ठेवू नका. काम संपलं की टाकी रिकामी करा आणि कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू ठेवा. ऑइलचं प्रमाण यंत्राच्या पुस्तकात दिलेलं असेल तेवढंच ठेवा. ‘थोडं जास्त असू दे’ म्हणून घातलेलं ऑइल आधी धूर होतं आणि मग काजळी.

टू-स्ट्रोकचं आयडल फोर-स्ट्रोकइतकं गुळगुळीत कधीच होणार नाही, कारण दोष त्याच्या रचनेतच आहे. पण उभ्या गाडीने बंद पडू नये आणि समोरच्याच्या डोळ्यांत धूर जाऊ नये, एवढं नक्की साधता येतं. म्हणून पुढच्या वेळी गाडी आयडलला थांबेना तर मिस्त्रीला रेस वाढवायला सांगू नका, आधी सील तपासायला सांगा.

(पुढील लेखांकात : क्रँकचं ऑइल सील कसं ओळखावं आणि कसं बदलावं)