कुंडीतील चिलटांचा बंदोबस्त
(लेखांक सहावा)

अकोल्याहून वाशीमकडे जाणारी सडक पातूरच्या पुढे घाट चढून ज्या मेडशीवरून मालेगावला जाते, त्या गावाच्या आसमंतातील शेतजमीन काळी आहे, आणि ओसरीवर वा खिडकीत ठेवलेल्या पुदिन्याच्या, कोथिंबिरीच्या, ओव्याच्या व तुळशीच्या कुंड्यांतही शेतातून टोपलीभर आणलेली तीच माती भरण्याचा दस्तूर आहे. ज्या गुणामुळे ही माती कपाशीला आणि रब्बीच्या हरभऱ्याला वरदान ठरते, तो ओल धरून ठेवण्याचा गुण बंदिस्त कुंडीत, ऊन न पोहोचणाऱ्या जागी आणि श्रावण-भाद्रपदाच्या दमट हवेत अपायकारक होतो; आणि पाणी घालावयास गेले असता कुंडीतून उठून तोंडाभोवती घिरट्या घालणारी चिलटे बहुतांशी याच ओलीतून जन्मास येतात.

मात्र कोणत्याही इलाजापूर्वी उडणारा जीव कोणता, याचा तपास अवश्य करावा. कारण चिलटे या एकाच नावाखाली दोन सर्वस्वी भिन्न कीटकांची गणना होते. कुंडीला हलकासा धक्का देताच मातीतून काळसर, लांब पायांचे, डासासारखे दिसणारे पण न चावणारे जीव उठले, तर त्या बुरशीवर पोसणाऱ्या माश्या होत. उलटपक्षी, पानांना हात लागताच पांढरे, पिठुळ कीटक उडून पुन्हा पानाखाली जाऊन बसले, तर ती पांढरी माशी होय. सोयाबीन आणि मूग यांवर पिवळा मोझॅक पसरविणारी म्हणून ती इकडील शेतकऱ्यांच्या परिचयाची आहेच. पहिलीचे ठाणे मातीत, तर दुसरीचे पानाखाली, आणि म्हणून एकीचा उपाय जसाच्या तसा दुसरीला लागू पडत नाही.

बुरशीवरील माशीचे प्रौढ आयुष्य आठवडा-दहा दिवसांचे. परंतु तेवढ्या मुदतीत मादी ओल्या मातीच्या भेगांत शंभराहून अधिक अंडी घालू शकते. देठाजवळचा मातीचा पापुद्रा काडीने अलगद उचलून भिंगाखाली पाहिले, तर दोऱ्याइतकी बारीक, काचेसारख्या अंगाची, काळ्याभोर चकचकीत डोक्याची अळी वळवळताना दिसते, आणि तिच्या पोटातील खाद्याची गडद रेघही त्या पारदर्शक कातडीतून स्पष्ट उमटलेली असते. ही अळी मुख्यतः बुरशी आणि कुजणारे शेणखत खाते. पण संख्या वाढली की ती कोवळ्या मुळ्यांनाही सोडीत नाही, आणि कोथिंबिरीची नुकती उगवलेली रोपे पाणी असूनही माना टाकू लागतात. ते पाहून घरातील माणूस अधिकच पाणी घालते, हा या प्रकरणातील सर्वांत खेदकारक भाग होय. अळ्या आहेत की नाहीत याविषयी शंका असेल, तर कच्च्या बटाट्याची चकती मातीवर पालथी ठेवावी. दोन-तीन दिवसांनी ती उलटली असता अळ्या तिच्या खालच्या अंगाला जमलेल्या आढळतात.

यावरचा मुख्य इलाज पाण्याच्या शिस्तीचा आहे. वरची बोटभर माती कोरडी झाल्यावाचून पुन्हा पाणी घालू नये. शक्य तेथे कुंडी पाणी भरलेल्या घमेल्यात अर्धा तास ठेवून तळातून पाणी द्यावे, म्हणजे मुळांची तहान भागते आणि पृष्ठभाग कोरडा राहतो. परंतु निव्वळ काळ्या मातीच्या कुंडीत एवढ्याने भागत नाही, कारण ती वाळली की आकसते, भेगाळते, कुंडीची कड सोडते, आणि घातलेले पाणी त्या फटीतून थेट खाली निघून जाते. म्हणून माती, वाळू आणि पूर्णपणे कुजलेले शेणखत समप्रमाणात मिसळून कुंडी नव्याने भरावी, आणि वर अर्धा इंच कोरड्या वाळूचा थर द्यावा. कच्चे शेण मात्र कुंडीत कदापि घालू नये.

पिवळ्या पुठ्ठ्याला एरंडेल फासून तो मातीलगत ठेवल्यास उडत्या माश्या चिकटतात. परंतु हा सापळा अळ्यांना स्पर्शही करीत नाही, एवढे ध्यानात ठेवावे. अळ्यांसाठी निंबोळीचा अर्क आहे. जूनच्या सुमारास कडुनिंबाखाली पडणाऱ्या निंबोळ्या गोळा करून वाळवून ठेवल्या असतील, तर त्यांची 50 ग्रॅम भरड रात्रभर पाण्यात भिजवावी, सकाळी फडक्यातून गाळावी आणि एकूण पाणी एक लिटर करावे. हा पाच टक्क्यांचा अर्क मातीत ओतला असता अळीची कात टाकण्याची क्रिया बिघडते. माशीची एक पिढी पुरी होण्यास तीन-चार आठवडे लागतात, म्हणून दर आठवड्याला एकदा याप्रमाणे महिनाभर हा क्रम चालू ठेवावा.

शेतातील फवारणीची उरलेली औषधे मात्र या कुंड्यांवर वापरण्याची तजवीज कोणी करू नये, असे मी कळकळीने सांगतो. त्यांतील आंतरप्रवाही विषे पानांत भिनतात आणि धुतल्याने जात नाहीत. शिवाय पुदिना आणि तुळस आपण कच्चीच खातो. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने कित्येक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ही घटना विदर्भातील घरांनी तरी विस्मरणात जाऊ देऊ नये.

पांढऱ्या माशीचा मामला निराळा. तिची पिल्ले पानाच्या पाठीला चिकटून रस शोषतात, आणि त्यांच्या गोड स्रावावर काळी बुरशी चढते. पुदिना जमिनीपासून दोन बोटे ठेवून छाटून टाकावा, छाटणी घराबाहेर पुरावी. तो पुन्हा फुटतो. तुळशीची पाने मात्र खालच्या अंगाने पाण्याच्या धारेने धुवावी, आणि मग वरील निंबोळी अर्कात चिमूटभर साध्या साबणाचा कीस विरघळवून संध्याकाळी फवारावे, कारण उन्हात अर्काचा गुण लवकर नाहीसा होतो. आधी एकाच फांदीवर फवारून दिवसभर वाट पाहावी. पाने करपली नाहीत, तरच सर्व रोपावर फवारावे. चहाला किंवा नैवेद्याला लागणारी पाने फवारणीपूर्वीच खुडून घ्यावी.

पुढील लेखांकी मावा आणि त्याच्या मागोमाग येणाऱ्या मुंग्या यांचा विचार करू.