लेथवरील लाकडी पेनची घडण : कातकाम, ओलावा आणि पृष्ठसंस्करण

सारांश : लेथवर कातलेला लाकडी पेन ही लहानशी वस्तू असली, तरी तिच्यात लाकूड, पितळ, चिकटद्रव्य आणि लेप असे भिन्न गुणधर्मांचे पदार्थ एकत्र आलेले असतात. त्यांपैकी लाकूड हवेतील ओलाव्यानुसार लक्षणीय प्रमाणात आकुंचन-प्रसरण पावते. पेनच्या घडणीतील बहुतेक पायऱ्यांमागील कारण या एका वस्तुस्थितीत सापडते, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

प्रस्तावना

हाताने कातलेल्या पेनांची भारतीय परंपरा प्रामुख्याने एबोनाइटची आहे. आंध्र प्रदेशातील राजमहेंद्री येथील रत्नम पेन हे तिचे १९३०च्या दशकापासूनचे ठळक उदाहरण होय. एबोनाइट म्हणजे गंधकाच्या साहाय्याने कठीण केलेले रबर. ते पाणी फारसे शोषत नाही आणि सर्व दिशांनी सारख्याच गुणधर्मांचे असते. लाकडाचे तसे नाही. त्याचे सौंदर्य ज्या तंतुरचनेत आणि वार्षिक वलयांत आहे, त्याच रचनेत त्याची अस्थिरताही आहे. त्यामुळे कारागिराच्या हातून निर्दोष उतरलेला पेन काही महिन्यांनी उभा तडकल्याची उदाहरणे आढळतात. अशा वेळी दोष बहुधा लाकडाच्या जातीला दिला जातो. परंतु त्याचे मूळ पुष्कळदा घडणीच्या एखाद्या पायरीत असते.

लाकूड आणि पितळ यांचे नाते

प्रचलित पद्धतीच्या बॉलपेनमध्ये लाकडाच्या आत पितळी नळी असते. सर्वांत बारीक प्रकारात तिचा बाहेरील व्यास सुमारे ७ मिमी असतो. रिफिल, फिरकी यंत्रणा आणि धातूची टोके या नळीच्या आधारे बसतात. लाकूड हे तिच्यावरील पातळ आवरण असते. टोकांजवळ पूर्ण झालेल्या पेनचा व्यास ८ ते ८.५ मिमी असल्याने तेथे लाकडाची जाडी १ मिमीहूनही कमी उरते.

लाकडातील ओलावा सुमारे ३० टक्क्यांच्या खाली गेला की ते आकसू लागते. हे आकसणे सर्व दिशांनी सारखे नसते. सागवान ओल्या अवस्थेपासून पूर्ण शुष्क होईपर्यंत वलयांच्या स्पर्शरेषेच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के, तर त्रिज्येच्या दिशेने सुमारे २.५ टक्के आकसते. लांबीच्या दिशेने होणारा बदल नगण्य असतो. आता एखाद्या सागवानी पेनमधील ओलावा १४ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आला, असे समजू. पावसाळी किनारपट्टीवर घडविलेला पेन वातानुकूलित कार्यालयात गेल्यास असा बदल अशक्य नाही. त्या स्थितीत स्पर्शीय दिशेने लाकूड सुमारे १.२ टक्के आकसू पाहील. याउलट, तापमान २० अंशांनी बदलले तरी पितळेच्या मापात पडणारा फरक केवळ ०.०४ टक्क्यांच्या आसपास असतो. म्हणजे लाकडाची ओढ पितळेच्या हालचालीच्या सुमारे तीसपट ठरते. आतील नळी दबत नाही. परिणामी लाकडात आडवा ताण निर्माण होतो आणि तंतूंना समांतर, म्हणजे पेनच्या लांबीच्या दिशेने, तडा जातो.

ठोकळ्याची पूर्वतयारी

पेनसाठी साधारणपणे १९ मिमी चौरस आणि १२५ मिमी लांब ठोकळा पुरतो. फर्निचरच्या कारखान्यात टाकाऊ ठरणारे सागाचे, शिसवाचे किंवा फणसाचे तुकडे येथे उपयोगी पडतात. मात्र तुकडा लहान आहे म्हणून तो सुकलेलाच असेल, असे गृहीत धरता येत नाही. ठोकळ्याचे वजन काही दिवसांच्या अंतराने करून ते स्थिर झाल्याची खात्री करणे, ही साधी आणि विश्वसनीय कसोटी आहे.

छिद्र पाडताना ड्रिल वरचेवर बाहेर काढून भुसा झटकावा लागतो. अन्यथा घर्षणाने निर्माण झालेली उष्णता आतून बारीक चिरा पाडते. छिद्र पाडल्यावर लाकडाचा नवा पृष्ठभाग हवेच्या संपर्कात येतो. म्हणून नळी लगेच न चिकटवता ठोकळा एखादा दिवस तसाच ठेवणे हितावह असते. नळीचा गुळगुळीत पृष्ठभाग घासून खरबरीत केल्यावर ती सायनोॲक्रिलेट किंवा इपॉक्सीने चिकटवतात. पहिले द्रव्य झटपट धरते, पण ठिसूळ असते. दुसऱ्यास वेळ लागतो, परंतु ते फटी अधिक चांगल्या रीतीने भरून काढते. चिकटद्रव्य सर्वत्र पोहोचले नाही, तर त्या जागी लाकूड निराधार राहते आणि कातताना तेथूनच टवका उडतो. अखेरीस ठोकळ्याची टोके नळीच्या अक्षाशी काटकोनात तासली जातात. हा काटकोन साधला नाही, तर जोडणीत फट राहते.

कातकाम

तयार ठोकळे मँड्रेल नावाच्या पोलादी दांड्यावर, दोन्ही बाजूंना बुश घालून, लेथवर चढवितात. बुशचा व्यास धातूच्या टोकांएवढा असल्याने कोठपर्यंत कातायचे याचे ते मापच असते. टेलस्टॉक प्रमाणाबाहेर आवळल्यास बारीक मँड्रेल वाकतो आणि लाकडाची भिंत एका बाजूस जाड, दुसऱ्या बाजूस पातळ होते. हा दोष कातताना सहज लक्षात येत नाही. तडा मात्र पुढे पातळ बाजूलाच जाण्याचा संभव अधिक असतो.

१९ मिमी चौरस ठोकळ्याचा कर्ण सुमारे २७ मिमी असतो. मिनिटास २५०० फेऱ्यांच्या गतीने त्याचे कोपरे मिनिटाला सुमारे २१० मीटर वेगाने फिरतात. तोच पेन १२ मिमी व्यासाचा झाल्यावर हा वेग सुमारे ९४ मीटरवर येतो. त्यामुळे प्रारंभी गोल पटाशीने अगदी हलके काप घेऊन कोपरे उतरवितात आणि पुढे तिरप्या धारेच्या पटाशीने आकार देतात. धारदार हत्यार तंतू कापते, बोथट हत्यार ते उपटते. आणि उपटलेल्या तंतूंचे खड्डे घासणीने झाकता येत नाहीत.

घासणी आणि लेप

घासणी १५० क्रमांकाच्या पॉलिशपेपरपासून सुरू करून ४०० किंवा ६००पर्यंत नेतात. प्रत्येक क्रमांकानंतर लेथ थांबवून तंतूंच्या दिशेने हात फिरविल्यास गोलाकार ओरखडे नाहीसे होतात. फिक्या लाकडाच्या बाबतीत पोलादी बुशची काळी धूळ कडांवर चढू नये, याची दक्षता घ्यावी लागते.

लेपाच्या क्षेत्रात भारतीय कातकामाचा अनुभव जुना आहे. कोकणातील सावंतवाडी लाखकामासाठी परिचित आहे. कर्नाटकातील चन्नपट्टण येथे फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबली जाते. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून पसरते आणि केतकीच्या पानाने ती चमकविली जाते. पेनवर वापरले जाणारे घर्षण-पॉलिश याच तत्त्वावर आधारलेले असून त्यात स्पिरिटमध्ये विरघळविलेली चपडा लाख असते. ती उबदार झळाळी देते, परंतु स्पिरिटनेच पुन्हा विरघळते. २०२० नंतर अल्कोहोलयुक्त सॅनिटायझरचा वापर सर्वत्र वाढला, तेव्हा ही मर्यादा अधिक जाणवू लागली. सायनोॲक्रिलेटचे अनेक पातळ थर दिल्यास कठीण, चकचकीत आवरण मिळते. मात्र लाकडाचा मूळ स्पर्श त्याखाली हरवतो. जवसाचे तेल तो स्पर्श राखते, पण संरक्षण कमी देते.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. कोणताही लेप ओलाव्याची देवाणघेवाण पूर्णतः थांबवीत नाही. तो तिचा वेग मंदावतो. तसेच लाकडाची टोके बाजूंपेक्षा कितीतरी वेगाने ओलावा घेतात व सोडतात. त्यामुळे टोकांनाही लेप देणे अगत्याचे ठरते. जोडणीपूर्वी नळीच्या आत साठलेले चिकटद्रव्य खरवडून काढावे लागते. अन्यथा धातूचा भाग दाबून बसविताना पातळ लाकूड तडकते.

सुरक्षितता आणि लाकडाची निवड

लाकडाच्या धुळीचा समावेश आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये मानवी कर्करोगकारकांत केला आहे. शिसवाच्या धुळीने त्वचेला ॲलर्जीही होऊ शकते. मुखपट्टी, चश्मा आणि धूळ ओढून घेणारी व्यवस्था यांना म्हणूनच पर्याय नाही. लेप देताना कापडाऐवजी सहज फाटणारा कागद वापरावा. फिरत्या लाकडात अडकलेले कापड बोटे ओढून नेते. जवसाच्या तेलात भिजलेला बोळा आपोआप पेट घेऊ शकतो, म्हणून तो गोळा करून ठेवू नये. शिसव ज्या दाल्बर्जिया प्रजातीत मोडतो, ती संपूर्ण प्रजाती जानेवारी २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रणाखाली आहे. परदेशी विक्री करणाऱ्यांनी प्रचलित नियम तपासणे आवश्यक आहे.

समारोप

लाकडी पेनच्या घडणीतील सुकविणे, थांबणे, काटकोन साधणे, टोके बंद करणे या पायऱ्या किरकोळ वाटतात आणि घाईत प्रथम त्याच गाळल्या जातात. त्यांचा परिणाम विक्रीच्या दिवशी दिसत नाही. ऋतू बदलल्यावर दिसतो. वनस्पतिशास्त्रातील काष्ठरचना, भौतिकशास्त्रातील ताण आणि रसायनशास्त्रातील बहुवारिके यांचा एकत्रित प्रत्यय देणारी ही वस्तू महाविद्यालयीन कार्यशाळेत घडविता येण्याजोगी आहे. लाकडाचे आकसणे रोखता येत नाही. परंतु ते ओळखून काम करता येते. टिकाऊ पेन आणि तडकणारा पेन यांतील अंतर बव्हंशी या जाणिवेचे आहे.