सत्तर वर्षांचा संशय

लेडी मेहरबाई टाटा १९३१ साली वेल्समधल्या एका शुश्रूषागृहात ल्युकेमियाने, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाने, गेल्या. पुढच्याच वर्षी त्यांचे पती सर दोराबजींनी त्यांच्या नावाने न्यास काढला. जगात कुठेही या रोगावर संशोधन होत असलं तरी त्याला पैसा मिळावा, हा हेतू. इथवर आपल्याकडे पुष्कळांना ठाऊक असतं. पण १९५०च्या दशकात त्या न्यासाचे एक हजार पौंड ऑक्सफर्डच्या एका डॉक्टरबाईंना मिळाले आणि त्यातून लहान मुलांच्या ल्युकेमियाचं एक कारण पहिल्यांदा हाती लागलं, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही.

त्या बाईंचं नाव ॲलिस स्ट्युअर्ट. डेव्हिड ह्युइट या त्यांच्या संख्याशास्त्रज्ञ सहकाऱ्याला मृत्यूंच्या आकड्यांत एक विचित्र गोष्ट दिसली होती. पेनिसिलिन आलं होतं, मुलं वाचू लागली होती आणि नेमकी दोन ते चार वर्षांची मुलं ल्युकेमियाने जास्त मरत होती. इतक्या लहानपणी रोग होतो, म्हणजे सुरुवात पोटात असतानाच झालेली असणार. मग त्या नऊ महिन्यांची माहिती कुणाकडे असणार? आईकडे. स्ट्युअर्टबाईंनी प्रश्नावली तयार केली आणि देशभरच्या सार्वजनिक आरोग्य खात्यांतल्या डॉक्टरांना ती घेऊन घरोघरी जायला लावलं. मूल दगावलेल्या आया आणि त्याच वयाचं मूल धडधाकट असलेल्या आया, दोघींना तेच प्रश्न.

उत्तर लवकरच दिसू लागलं. गरोदरपणी पोटाचा एक्स-रे काढलेल्या बायका पहिल्या गटात फार होत्या. बाळ आडवं आहे का, जुळं आहे का, कटीर पुरेसं रुंद आहे का, हे बघायला त्या काळी सर्रास एक्स-रे काढत. १९५६मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छोटं टिपण आलं, १९५८मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये सविस्तर निबंध. धोका साधारण दुप्पट.

आक्षेपही लगेच आला. मूल गमावलेली आई सगळं उकरून आठवते, ज्यांचं मूल अंगणात खेळतंय त्या विसरतात. आक्षेप खोटा नव्हता. धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचं नातं दाखवणारे रिचर्ड डॉल यांनी १९६०मध्ये सुमारे ३९ हजार मुलांच्या नोंदी तपासून धोका वाढलेला दिसत नाही असं सांगितलं. डॉल यांच्या शब्दाला वजन होतं, स्ट्युअर्ट एकट्या पडल्या. दोनच वर्षांनी अमेरिकेत ब्रायन मॅकमहॉन यांनी आयांच्या आठवणींना हात न लावता रुग्णालयांचे कागद तपासले आणि एक्स-रे झालेल्या मुलांत कर्करोगाचे मृत्यू ४० टक्के जास्त निघाले. डॉल यांनीही अखेर १९९७मध्ये एका सहकाऱ्याबरोबर लिहिलेल्या आढाव्यात हे मान्य केलं. तेव्हा स्ट्युअर्टबाई नव्वदी गाठून बसल्या होत्या. एक्स-रे मागे पडायला सोनोग्राफीचाही हातभार लागला. तिची सुरुवात ग्लासगोत १९५८मध्येच झाली.

इतकं स्वच्छ उत्तर या शोधात पुन्हा मिळालं नाही. पण संशयाची दिशा ठरून गेली: किरणोत्सर्ग. हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांत बॉम्बनंतर काही वर्षांत ल्युकेमिया वाढल्याचं जगाने पाहिलं होतंच. योगायोग असा, की मेहरबाई होमी भाभांच्या आत्या. भाचा भारतात अणुभट्ट्या उभारत होता त्याच सुमारास इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर, पुढे सेलाफिल्ड म्हणून ओळखल्या गेलेल्या अणुकेंद्राच्या शेजारी, सीस्केल नावाच्या छोट्या गावात मुलं आजारी पडत होती.

१९८३च्या नोव्हेंबरात यॉर्कशायर टेलिव्हिजनने हे जगासमोर आणलं. आकडा तसा लहान, हाताच्या बोटांवर मोजता येईल इतका. पण एवढ्याशा गावात एखादं मूलही आजारी पडायला नको होतं. दहा वर्षांखालच्या मुलांत प्रमाण अपेक्षेच्या दहापट निघालं. सरकारने सर डग्लस ब्लॅक यांची समिती नेमली. १९८४च्या अहवालाने सांगितलं की वाढ खरी आहे, पण केंद्रातून समुद्रात आणि हवेत सोडलेला किरणोत्सर्ग तिचं कारण ठरण्याइतका नाही. लोकांना हे पटलं नाही. मलाही तेव्हा ते सरकारी सारवासारव वाटलं असतं.

१९९०मध्ये साउदॅम्प्टनच्या मार्टिन गार्डनर यांनी तर बॉम्बच टाकला: दोष बापांचा. गर्भधारणेपूर्वी ज्यांना कामावर मोठा डोस मिळाला त्यांच्या मुलांना धोका सहा ते आठपट. केंद्रात काम करणाऱ्या तरुण बापांच्या घरांत त्या वर्षी काय झालं असेल! प्रकरण लंडनच्या कोर्टात गेलं आणि १९९३मध्ये पालक हरले. अणुबॉम्बमधून वाचलेल्यांच्या पुढच्या पिढीत ल्युकेमिया वाढला नव्हता. शिवाय सीस्केलबाहेर जन्मून मागाहून तिथे राहायला आलेल्या मुलांतही तो जास्त होता. त्यांच्या बाबतीत बापांचा हा हिशोब लागू पडत नव्हता.

हा दुसरा मुद्दा साथरोगतज्ज्ञ लिओ किनलेन यांचा. सीस्केलचं कोडं त्यांनी उलट्या बाजूने धरलं. केंद्र बांधायला आडबाजूच्या, तुरळक वस्तीच्या मुलखात एकाएकी हजारो माणसं बाहेरून आली. साध्या, एरवी निरुपद्रवी अशा एखाद्या संसर्गाला इतकी नवी शरीरं एका जागी मिळाली, तर त्याची साथ पसरेल आणि ल्युकेमिया हा तिचा फार दुर्मीळ परिणाम असेल. मग अणुकेंद्र नसलेल्या ठिकाणीही हेच दिसायला हवं. किनलेन यांनी स्कॉटलंडमधलं ग्लेनरॉथिस शोधलं. कोळशाच्या खाणींसाठी वसवलेलं नवं शहर, अणूचा संबंध नाही. तिथेही ल्युकेमिया वाढला होता. १९८८चा हा निबंध मला या सगळ्या मागोव्यात सर्वांत धाडसी वाटतो. पुढे महायुद्धात मुलं शहरांतून खेड्यांत हलवली तिथे, उत्तर समुद्रातल्या तेलकामगारांच्या वस्त्यांत, असं एकेक ठिकाण त्यांनी तपासलं आणि मुद्दा टिकला. जंतू मात्र आजवर कुणाला सापडलेला नाही.

अणूवरचा संशय म्हणून मेला असंही नाही. जर्मनीतल्या २००७च्या अभ्यासात अणुवीज केंद्रापासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या पाच वर्षांखालच्या मुलांना धोका दुपटीहून अधिक निघाला. मुलं ३७, काळ २४ वर्षांचा. तिथेही डोस इतका कमी, की हिशोब जुळत नाही.

इतर संशयितांची यादी लांब आहे. अमेरिकेतल्या वोबर्नमध्ये १९७९ साली दोन विहिरींच्या पाण्यात ट्रायक्लोरोइथिलीन हे रसायन सापडलं. तिथेही मुलांच्या ल्युकेमियाबद्दल आधी बोलल्या त्या आया. विजेच्या उच्च दाबाच्या तारांवर वीस-पंचवीस वर्षं खल झाला आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००२मध्ये 'शक्यता आहे' असा शिक्का मारून तो थांबवला. घरात फवारलेली कीटकनाशकं, बेंझिन, बापाची सिगारेट: प्रत्येकात थोडं तथ्य दिसतं. एकातही सगळं नाही.

दरम्यान प्रयोगशाळेत संशोधक मेल ग्रीव्ह्ज जुळ्यांकडे बघत होते. एकसारख्या जुळ्यांना ल्युकेमिया झाला, की दोघांच्या पेशींत तोच जनुकीय बिघाड, अगदी त्याच ठिकाणी. म्हणजे तो एकाच्या शरीरात घडला आणि सामाईक वारेतून दुसऱ्याकडे गेला. पुढे नवजात बाळांच्या टाचेतून घेऊन कागदावर वाळवून ठेवलेल्या रक्ताच्या थेंबांतही तो सापडला. स्ट्युअर्टबाईंचा पहिला अंदाज बरोबर होता, सुरुवात पोटातच होते. पण त्यानंतर कळलं ते चक्रावून टाकणारं आहे. शंभरातल्या सुमारे एका बाळात हा बिघाड असतो आणि बिघाड असलेल्या शंभर बाळांतल्या साधारण एकालाच रोग होतो. दुसरा धक्का जन्मानंतर बसतो.

ग्रीव्ह्ज यांच्या मते तो धक्का साध्या संसर्गाचा. पण ज्या बाळाला पहिल्या वर्षात पुरेसे जंतू भेटलेच नाहीत, त्याची प्रतिकारशक्ती पुढे एखाद्या सर्दीतापाला भलताच प्रतिसाद देते, तेव्हाचा. पाळणाघरात लवकर गेलेल्या मुलांना धोका कमी, सहा महिने वा अधिक अंगावर प्यालेल्यांना कमी, हे अनेक अभ्यासांच्या बेरजेत दिसतं. इटलीत स्वाइन फ्लूच्या साथीनंतर मिलानमध्ये चार आठवड्यांत सात मुलांना ल्युकेमिया झाला आणि सातही जणांना आधी तो फ्लू होऊन गेला होता. दोन ते पाच वयात रोगाच्या प्रमाणात दिसणारा उंचवटा आधी ब्रिटनमध्ये दिसला, नंतर अमेरिकेतल्या गोऱ्यांत, मग जपानमध्ये. पैसा, स्वच्छता आणि लहान कुटुंबं ज्या क्रमाने आली, जवळजवळ त्याच क्रमाने.

मग आपलं काय? भारतात या रोगाचं प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी नोंदलं जातं. त्यातलं किती खरं, हा वाद आहे. ताप, फिकटपणा, अंगावर काळेनिळे डाग घेऊन आलेलं गरिबाचं मूल मलेरिया किंवा टायफॉईड म्हणून औषध घेता घेताच जातं, ते कुठल्याच वहीत चढत नाही. पण सगळं श्रेय न झालेल्या निदानाला देता येत नाही, कारण आपल्या रुग्णालयांत टी-पेशींच्या ल्युकेमियाचा वाटा जास्त आढळत आला आहे आणि श्रीमंत देशांतला तो उंचवटा बी-पेशींच्या प्रकाराचा असतो. मुंबईची कर्करोग नोंदणी १९६३पासून चालू आहे. चाळीत डझनभर पोरांत लोळलेल्या पिढीनंतर आता टॉवरमध्ये एकटं, हात सतत सॅनिटायझरने पुसत वाढलेलं मूल त्या नोंदणीत येऊ लागलं आहे. आकडे वाढले, तर पाळणाघरात का ठेवलं नाही आणि दूध का लवकर तोडलं, हे प्रश्न पुन्हा आईलाच विचारले जातील अशी मला धास्ती वाटते. स्ट्युअर्टबाईंनीही आयांनाच विचारलं होतं, पण उत्तर मिळाल्यावर त्यांनी बोट दाखवलं ते एक्स-रे काढणाऱ्या डॉक्टरांकडे.