यूएसबी जोडणी मंद का होते?
रास्पबेरी पाय झीरोसारखा लिनक्सवर चालणारा छोटा संगणक यूएसबी तारेने मोठ्या संगणकास जोडला असता माहितीचे वहन कित्येकदा रेंगाळते. शाळेने नवे साहित्य खरेदी करण्यापूर्वी आयपर्फ या साधनाने जोडणीची गती मोजावी. फाइल पाठवून केलेली मोजणी फसवी असते. तीत मेमरी कार्डाचा विलंबही मिसळतो. गती सेकंदास १ मेगाबाइटच्या आसपास अडकल्यास जोडणी १२ मेगाबिटांवर, म्हणजे १९९८ च्या यूएसबी १.१ च्या पातळीवर, उतरली असण्याचा संभव असतो. २००० सालच्या यूएसबी २.० ची मर्यादा ४८० मेगाबिट आहे. अशा वेळी मधला जुना हब काढून तार थेट लावावी. तरीही सुधारणा न झाल्यास ईसीएमऐवजी एनसीएम पद्धत योजावी; तीत माहितीचे अनेक गठ्ठे एकत्र बांधून पाठविले जातात.