शिरस्त्राणावरचे दिवे

अंधारात सायकल वळविताना हात बाहेर काढून इशारा करावा, असे आपण मुलांना शिकवितो. परंतु तो हात मागून येणाऱ्या मोटारचालकास दिसेलच असे नाही. शिवाय नेमक्या वळणाच्या क्षणी हँडल एका हाती राहते. या अडचणीवर बोस्टनच्या ‘ल्युमॉस’ने २०१५ साली उपाय मांडला, तो दिवे बसविलेल्या हेल्मेटचा. पुढे पांढरे दिवे, मागे तांबडे. हँडलवरील बटण दाबताच त्या बाजूचा पिवळा दिवा उघडझाप करू लागतो. वेग एकाएकी घटला की आतील संवेदक ते ओळखतो व मागचे तांबडे दिवे पेटवून थांबण्याची सूचना देतो.

दिव्यांचे काम मात्र येथेच संपते. डोके वाचवितो तो कवचाखालचा थर्माकोलचा जाड थर. आपटताच तो चेपतो आणि आघाताचा जोर स्वतःत जिरवितो. चेपलेला थर पुन्हा फुगत नाही. म्हणून मोठ्या आघातानंतर हेल्मेट टाकूनच द्यावे लागते. फसगत संभवते ती येथे. वरून तडा दिसत नाही, दिवे तर पूर्ववत् लागतात; मग एवढी महागाची वस्तू टाकावयास कोणत्या पालकाचा हात धजेल?

स्वीडनमधील ‘होव्डिंग’ हा गळपट्टा तर अपघात ओळखून एक दशांश सेकंदात डोक्याभोवती हवेची पिशवी फुगवीत असे. डिसेंबर २०२३ मध्ये तेथील ग्राहक-संरक्षण खात्याने त्याच्या विक्रीस मनाई केली व त्याच महिन्यात कंपनीने दिवाळे काढले. थर्माकोलच्या साध्या हेल्मेटास अपघात ओळखावा लागत नाही. हनुवटीखालचा पट्टा तेवढा नीट आवळलेला हवा.