याकपासून मेनहिरपर्यंत

'२ + ३ × ४' यात आधी गुणाकार करायचा, हे संगणकाला उमगतं ते पार्सरमुळे. पार्सर हाताने लिहिणं किचकट काम. म्हणून बेल लॅब्जमध्ये स्टीफन जॉन्सन यांनी 'याक' हे साधन बनवलं; त्याचा अहवाल १९७५चा. व्याकरणाचे नियम द्या, याक सी भाषेतला पार्सर लिहून देतं.

हास्केलसारख्या फंक्शनल भाषांसाठी नुसतं सीच्या जागी हास्केल छापून भागत नाही. याकमध्ये बेरजेच्या नियमापुढे '$$ = $१ + $३' लिहितात, म्हणजे पहिल्या आणि तिसऱ्या घटकाची बेरीज करून ती अमुक जागी ठेवा. हास्केलसाठीच्या 'हॅपी' या अशाच साधनात उरतं फक्त '$१ + $३'. ठेवणं नाहीच, नुसतं मूल्य.

खरी गोम पुढे आहे. पार्सरच्या स्टॅकवर, म्हणजे वाचलेले घटक तो रचून ठेवतो तिथे, कधी संख्या असते, कधी नाव, कधी अख्खं विधान. सीमध्ये 'युनियन' करून हे सगळं एकाच जागेत कोंबता येतं आणि चुकीचा प्रकार वाचला तरी कंपायलर हूं की चूं करत नाही. हास्केलला हे खपत नाही. त्यामुळे हॅपी एरवी प्रत्येक मूल्याला त्याच्या प्रकाराचं वेष्टण घालतं. वेगासाठी ते काढायची सोयही आहे, पण मग प्रकारांची तपासणीही जाते.

मला सर्वांत देखणं वाटतं ते ओकॅमल या दुसऱ्या फंक्शनल भाषेसाठीच्या 'मेनहिर'चं उत्तर. फ्रान्स्वा पॉतिए आणि यान रेजिस-जियानास यांचं हे साधन. त्याच्या अलीकडच्या आवृत्त्यांत स्टॅकवर काय काय आहे, हेच प्रकारात नोंदलं जातं, त्यामुळे पार्सर वेगवान राहतो आणि कंपायलर त्याची तपासणीही करू शकतो. ओकॅमलच्या स्वतःच्या कंपायलरचा पार्सरही २०१९च्या ४.०८ आवृत्तीपासून मेनहिरनेच बनवला जातो.